इतर नावाचा रकाना

नाशिक,
१४ जून २००५

प्रिय सोमनाथ,

परवा तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलेलं होतं, म्हणून मी नुसतं हो-हो करून ठेवून दिला. तुला वाटलं असेल, ताई तुटक बोलली. तसं काही नाही. हल्ली मी सगळ्यांशीच तेवढंच बोलते, घरात हेही म्हणतात. उलट फोन करावा तर तुमचा फोन तात्यांच्या उशाशी. मला जे सांगायचं आहे ते तात्यांनी एका बाजूने ऐकायचं आणि उरलेलं मनाने जुळवायचं, हे नको. म्हणून लिहायला बसले. मखमलाबाद ते सातपूर बसने तास लागत नाही आणि त्याला पाकीट, तिकीट, पोस्ट. पोस्टमनला वाटेल या बहीणभावाचं वाजलेलं दिसतंय.

फोटोचं सांगतेच, पण तू समजतोस तितकं ते सरळ नव्हतं, म्हणून जरा मागून येते. माघात तू पहिल्यांदा म्हणालास की जुलैत आईचं वर्षश्राद्ध आहे, फोटो लावायचा आहे आणि घरात फोटोच नाही. मतदान कार्डावरचा आहे, पण त्यात ती आई वाटत नाही, कुणीतरी दटावून उभी केलेली बाई वाटते. तुझं लग्न सामुदायिक सोहळ्यातलं, एकवीस जोडप्यांचा मिळून एक फोटो, त्यात आई शोधायची तर भिंग घ्यावं लागेल. आणि मग तात्या स्वतःहून बोलले म्हणालास, "पोरीला इचार. तिच्याकडं समद्या जिल्ह्याची लग्नं भरून ठेवली हायेत, तिथं घावंल ती." नऊ वर्षांत तात्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलं. नाव नाही घेतलं, पण 'पोरीला' म्हणाले. मी तेव्हाच ठरवलं की फोटो द्यायचाच. हा फोटो मला देता आला नाही तर त्या घरात पाऊल ठेवायला दुसरं निमित्त मिळणार नाही, एवढं मला कळत होतं.

तू म्हणालास, तुझ्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं की मिनिटात निघेल. सगळ्यांना तसंच वाटतं. ओम वर्षाचा झाल्यावर मी नाथाभाऊंच्या स्टुडिओत लागले, तेव्हा तिथे दहा वर्षांच्या लग्नांच्या कॅसेटी वरपक्षाच्या आडनावाने कपाटात कोंबलेल्या होत्या. आता आपल्या जिल्ह्यात आडनावाने शोधायचं म्हणजे काय ते तूच सांग. आहेरांची त्रेसष्ट लग्नं. त्यात कुणी येऊन म्हणायचं, आहेराचा भाग दाखवा, की तो आहेर आडनावाचा की पातळ-पोशाखाचा, हे आधी विचारावं लागायचं. दोन हजार साली नाथाभाऊंनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि मला म्हणाले, तुम्ही कोर्स केलेला आहे ना, मग हे सगळं त्यात बसवा. मी बसवलं. कॅसेटीला नंबर, तारीख, कार्यालय, दोन्ही पक्ष, आणि मग मिनिटामिनिटाला काय चाललंय आणि त्यात कोण आहे. मराठी अक्षरं त्यात उमटत नसत, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी. 'हळद' मी तीन तऱ्हांनी लिहिलेली आहे, आणि एका तऱ्हेने शोधली की उरलेल्या दोन तऱ्हांची लग्नं बिनहळदीची राहतात.

'कोण' या रकान्यात काय लिहायचं याचा नियम मीच केला. वधूपक्ष, वरपक्ष, प्रमुख पाहुणे, आणि बाकी सगळे 'इतर'. इतरमध्ये बँडवाले, आचारी, पाणी वाढणारे, मांडववाले आणि फुलवाले. त्यांना कुणी शोधायला येत नाही, असा माझा हिशेब. नियम चांगला होता, काम भराभर उरकायचं. नाथाभाऊ शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवायचे, बघा आमच्या बाईंनी काय केलंय ते. मला आवडायचं ते. माहेर तुटलेली, कुणी विचारत नसलेली मी, आणि इथे दोन हजारांच्या आसपास कॅसेटी माझ्या बोटांवर.

शोधायला कोण येतं ते तुला माहीत नसेल. लग्न झालेलं जोडपं क्वचित येतं. माणूस गेलं की आठ-पंधरा दिवसांनी त्याच्या घरचे येतात. पुतण्याच्या लग्नात होते, भाचीच्या हळदीत होते, एखादा शॉट असेल तर बघा. नामपूरच्या एक रंगूबाई आल्या होत्या, कांद्याच्या व्यापाऱ्याची बायको. नवऱ्याला हसताना बघायचं होतं, फोटोत तो सगळीकडे गंभीर. मी नाव टाकलं, तीन कॅसेटी निघाल्या, तिसरीत तो पंगतीत बसून जिलबी खाताना कुणाला तरी हसतोय. नऊ सेकंद. बाई टीव्हीच्या काचेला हात लावून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊच शे." हाच तो. मग पुन्हा लावायला सांगितलं. असं मी पाच वर्षं केलं. लोक माझ्यासमोर रडायचे आणि मी चहा मागवायचे. मला वाटायचं, मी हे काम चांगलं करते कारण माझं स्वतःचं कुणी यात नाही.

आता आपल्या घरचं. तुला तेव्हा सतरावं होतं, सगळं कळत होतं, तरी लिहिते. मी जातीबाहेर लग्न केलं, तात्यांनी दार बंद केलं, त्याचं मला फार नवल वाटलं नाही. तात्या काय म्हणतील ते मी आधीच पाठ केलेलं होतं. मला लागलं ते आईचं गप्प बसणं. मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा ती ओट्यावर माळ करत बसली होती, तिने मान वर केली नाही. आठ वर्षं मी तोच एक शॉट बघत होते. पुढे तिचा निरोप नाही, बाळंतपणाला नाही, ओमच्या बारशाला नाही. मी मनात ठरवलं की तात्या निदान ओरडले तरी, हिने तेवढंही केलं नाही. दहाव्याला तू मला घाटावर बाजूला घेऊन सांगितलंस की तात्यांनी त्याच रात्री तिला तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. पोरीशी बोलणार नाही, तिला भेटणार नाही, निरोप धाडणार नाही. तू म्हणालास, ताई, माझ्या डोक्याची शपथ होती ती, ती मोडणार कशी. मी बरं म्हणाले. तिथे सगळे रडत होते, मी कावळा शिवतो का ते बघत होते.

तर माघात मी शोधायला बसले. नाव टाकलं, सखुबाई. चार सखुबाया निघाल्या, तीन वरपक्षाच्या, एक वधूची आजी. आपली नाही. असणार कशी, लग्नांत हार-तोरणं पुरवणारी फुलवाली कुठल्या पक्षाची? मग 'इतर' टाकलं. सहा हजार तीनशे बारा नोंदी. मिनिटं आहेत, सेकंद आहेत, आणि समोर नुसतं इतर, इतर, इतर. कॉम्प्युटरने माझीच अक्षरं मला एकाखाली एक वाचून दाखवली. यातली आई कुठली, हे त्याला माहीत नव्हतं, कारण मी त्याला ते कधी सांगितलंच नव्हतं.

सोमनाथ, मला आठवत होतं. हे मी कुणालाच बोलले नाही, यांनाही नाही. दोन हजार एकच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तातली कॅसेट होती, द्वारका भागातल्या कार्यालयातली. फुलांची टोपली खाली ठेवून आई उभी होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. म्हणजे कॅमेऱ्याकडे. मी यंत्र थांबवलं. शेजारी नाथाभाऊ बसले होते, त्यांनी विचारलं, कोण आहे ही बाई. मी म्हणाले, कुणी नाही, फुलवाली आहे. आणि रकान्यात इतर लिहिलं. लाज वाटली म्हणून की राग होता म्हणून, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्ही असेल. शेरा पण लिहिला मी पुढे, 'बाई कॅमेऱ्यात बघते, कापावे.' कारण आमच्याकडे तो नियम आहे, कॅमेऱ्यात रोखून बघणारं माणूस शॉट बिघडवतं, ते मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे शेवटची कॅसेट जुळवताना, कापून टाकायचं. कोणत्या मिनिटाला काय कापायचं ते ठरवणारी मीच. त्यानंतर मी कॅसेटी पळवत बघायला लागले. विधी आला की थांबायचं, बाकी पळवायचं. पळवताना सगळी माणसं तुरुतुरु धावत असतात. त्यात अधूनमधून एक बाई एका जागी थांबलेली दिसायची. मला दिसायची. मी बोट काढायचे नाही.

फाल्गुनात एके दिवशी मी अशीच त्या सहा हजार नोंदींवर बसलेली असताना पुंजाभाऊ आले. हे आमचे जुने कॅमेरामन, वीस वर्षं नाथाभाऊंकडे आहेत, फुलांमुळे आईला चांगले ओळखायचे. काय शोधता म्हणाले. मी सांगितलं. ते बराच वेळ बॅटरीची वायर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "ताई, मावशी मला दर लग्नात इचारायच्या, हे समदं ती बघती का रे? मी म्हणायचो, पयल्यापासून शेवटापर्यंत बघती, तिचं कामच हाय ते. मंग म्हणायच्या, जरा माझ्याकडं धर." मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही. तर म्हणाले, "त्याच म्हणाल्या, सांगू नको. शपथ हाय, निरोप नाय धाडता येत. ती बघंल तवा तिचं तिला कळंल." एवढं बोलून ते जेवायला गेले. मीही डबा खाल्ला. त्या दिवशी डब्यात दोडक्याची भाजी होती, ती मी पूर्ण संपवली, हे मला का लक्षात राहिलं कोण जाणे.

तेव्हापासून मी फोटोसाठी शोधत नव्हते, पण श्राद्धाच्या तारखेसाठी मात्र फोटो लागणारच होता. सहा हजार नोंदी एकेक करून बघायच्या तर पुढच्या वर्षीचं श्राद्ध उजाडलं असतं. शिवाय जुन्या कॅसेटींना बुरशी धरलेली, एक लावली की यंत्राचं डोकं साफ करण्यात अर्धा दिवस. मग मला तोरण सुचलं. आमची प्रत्येक कॅसेट कार्यालयाच्या दारापासून सुरू होते. आधी पाटी, मग दार, मग दारावरचं तोरण, मग आत. आणि आईचं तोरण मी झोपेतही ओळखीन. सगळे आंब्याचं पान सरळ ओवतात. ती देठ आत घेऊन पान दुमडायची, म्हणजे वाऱ्याने फाटत नाही, आणि पाच झेंडूंनंतर एक पान, कमी नाही जास्त नाही. तुझ्या-माझ्या बोटांवर तिने किती वेळा मारलं असेल सरळ पानासाठी. मी कॉम्प्युटरमध्ये एक नवा रकाना वाढवला, 'तोरण', आणि प्रत्येक कॅसेटीचं फक्त पहिलं मिनिट बघितलं. हो की नाही, एवढंच लिहीत गेले. दीड महिना लागला. नाथाभाऊंना मी कारण सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही, फक्त एक जास्तीचं यंत्र आणून दिलं. एकशे अठ्ठ्याऐंशी कॅसेटी निघाल्या. मग त्या पूर्ण बघितल्या, न पळवता.

दोन हजार एकच्या त्या कॅसेटीच्या आधीच्या एकाही लग्नात आई नाही. तोरण आहे, हार आहेत, एखाद्या ठिकाणी टोपली दिसते आणि टोपलीवरचा हात दिसतो, पण कॅमेरा वळला की हात निघून जातो. आठवतं ना, कुणी फोटो काढायला आलं की पदर ओढून गोठ्यात जायची ती. आणि त्यानंतर मात्र तेवीस कॅसेटींत आहे. तारखेनुसार लावल्या तर एकही मुहूर्ताचा हंगाम सुटलेला नाही. तुला क्रमाने सांगते. एकीत नवीन चष्मा लावून आली आहे, तो काढून दाखवते, परत लावते. एकीत उजव्या तळहाताला फडकं बांधलेलं आहे, पुढच्या लग्नात, म्हणजे तीन आठवड्यांनी, फडकं नाही आणि ती हात उघडून कॅमेऱ्यासमोर धरते, दोन्ही बाजूंनी, बरा झाला म्हणून. एकीत केस अचानक पांढरे. एकीत तुझी साई आहे, महिन्या-दीड महिन्याची, कुंची घातलेली. आई तिला उचलून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणते, इतकी की चित्र धुरकट होतं, मागे बाळंतीण पूजा घाबरून हात पुढे करते. एकीत ती नुसती उभी आहे. बऱ्याच कॅसेटींत नुसती उभी आहे. इथवरच्या एकाही शॉटमध्ये बोलत मात्र नाही. ओठ मिटलेले. शपथ अगदी नीट पाळलेली आहे तिने.

आणि त्याच तोरणाच्या कॅसेटींच्या सात नोंदी अशा आहेत की ज्यांचं चित्रच नाही. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं आहे, कॅसेट नंबर अमुक, मिनिट तमुक, इतर, बाई कॅमेऱ्यात बघते, कापावे. ते कापलं गेलं. मूळ कॅसेट आम्ही ठेवत नाही, मिक्सिंग झालं की पुसून पुढच्या लग्नाला वापरतो. म्हणजे त्या सात वेळा ती काय दाखवायला आली होती ते आता कुणालाच कळणार नाही. पहिल्या नोंदीच्या वेळी ती आई आहे हे मला माहीत होतं. बाकी सहांच्या वेळी माहीत होतं की नाही, हे मी स्वतःला रोज विचारते. खरंच ठाऊक नाही. उरलेल्या तेवीस कशा राहिल्या ते मी पुंजाभाऊंना विचारलं, तर म्हणाले, मिक्सिंगला बसलो की तुमच्या शेऱ्याकडं काणाडोळा करायचो.

तू विचारशील, ताई, तू रडलीस का. नाही. दहाव्याला नाही, आत्ताही नाही. मी वेळेवर उठते, ओमचा डबा करते, यांची रात्रपाळी असली की दिवसा घरात आवाज होऊ देत नाही. आत सगळं जागच्या जागी थांबलेलं आहे. तू आठ वर्षं मला यातलं काही कळवलं नाहीस, त्याचा राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण राग यायलासुद्धा आत काहीतरी हलावं लागतं. ते हलत नाही. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस.

फोटो पाकिटात आहे. आठ बाय दहाचा केला आहे, काच आणि चौकट तुम्ही तिकडे करून घ्या. हाताच्या कॅसेटीनंतर दोन महिन्यांनी जी आहे त्यातला आहे. त्यात तिने अबोली रंगाचं पातळ नेसलं आहे आणि उजेड बरा आहे. कडा थोड्या फुटलेल्या दिसतील, व्हिडिओवरून काढला की तेवढं होतंच. तात्यांनी विचारलं तर सांग, सापडली म्हणून. कुणाकडे बघते आहे असं विचारलं तर सांगायचं की नाही, ते तू ठरव. सोबत एक सीडी आहे, तीत तेवीसच्या तेवीस शॉट ओळीने लावले आहेत. कॉम्प्युटरमध्ये मी त्या तीसही नोंदी दुरुस्त केल्या, इतर खोडून तिचं पूर्ण नाव घातलं. तिथे आता सखुबाई गोटीराम टाकलं की निघते.

आता हे पत्र ज्याच्यासाठी लिहिलं ते. फोटो मी यांच्या हाती पाठवू शकले असते. तेविसावा शॉट गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला आहे, ती जायच्या दोन महिने आधीचा. पंचवटीतलं कार्यालय, वरात दारात आलेली. आई टोपली बाजूला ठेवते, कॅमेऱ्याच्या पुढ्यात येते आणि बोलते. एवढ्या सगळ्यांत त्या एकाच ठिकाणी बोलते. चार सेकंद, फार तर पाच. वर सनई आणि सिनेमाचं गाणं चढवलेलं आहे, आम्ही सगळ्याच लग्नांवर चढवतो, खालचा आवाज त्यात पुसला जातो. मूळ कॅसेट पुसलेली आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाची तरी हळद आहे. पुंजाभाऊ म्हणाले, समोर बँड होता, मला ऐकू आलं नाही. मी तो शॉट थांबवून, हळू करून, ओठ बघून बघून पाहिला. पहिला शब्द माझं नाव असेल असं वाटतं, पण तसं मला वाटावंसं वाटतं म्हणूनही असेल. तू तिच्या शेजारी उभा आहेस, सोमनाथ. दोन्ही हातांत वरमालांचं तबक आहे तुझ्या. ती बोलायला लागल्यावर तू तिच्याकडे बघतोस, मग खाली बघतोस. तुझ्या डोक्याची शपथ तिने तुझ्यादेखत मोडली आणि तू तिला अडवलं नाहीस. ती काय म्हणाली तेवढं मला लिहून पाठव. जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत, वाईट असलं तरी. आणि आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही, मला बरं वाटावं म्हणून मनाचं काही घालू नकोस.

उत्तराची वाट बघत असलेली
तुझीच
ताई